जैसे थे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कोर्टबाईंनी ती उभी हयात रोज चढली होती, पण पगारासाठी. त्या तिथे टायपिस्ट होत्या. न्यायाधीश सांगायचे आणि या टाइप करायच्या. लोकांच्या भिंती, वाटा, नळ, गच्च्या, सगळी भांडणं त्यांच्या बोटांखालून गेली होती. निवृत्त झाल्या तरी सोसायटीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. त्या कोर्टबाई आणि त्यांचे यजमान पेंटर.

पेंटर म्हणजे भिंतीवर निसर्गचित्र टांगणारे नव्हेत. दुकानांच्या पाट्या, दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे रंगवणारे. सोसायटीच्या चारही इमारती एका साच्यातून काढलेल्या. तेव्हा त्यांच्यावरचे आकडे पेंटरांनीच चढवले होते आणि त्याबद्दल कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता. स्वतःच्या दाराला त्यांनी उरल्यासुरल्या डब्यांतून एक हिरवा घोटला. तो पोपटी नव्हता, शेवाळीही नव्हता. असा हिरवा दुकानात मिळत नाही असं ते ऐटीत सांगायचे, आणि खरंच मिळत नसे.

त्यांचं एक प्रवचन बायकोला पाठ होतं. "जुना रंग खरवडल्याशिवाय नवा द्यायचा नाही. आधी खरवड, मग भेगा बुजवायला लांबी, मग अस्तर, मग रंग. वरवर फासतो तो रंगारी नव्हे, चोर." कोर्टबाई मान डोलवायच्या आणि भाजी चिरत राहायच्या. संसारात नवऱ्याची प्रवचनं अशीच ऐकायची असतात.

मग पेंटरांची आठवण झडू लागली. आधी माणसांची नावं गेली, मग चेहरे, मग जेवलो की नाही हेही. डॉक्टर म्हणाले, "औषधं देतो, पण खरं औषध एकच. घरात काही बदलू नका. खुर्ची हलवू नका, कपाट सरकवू नका. त्यांचं डोकं आता वस्तूंच्या आधाराने चालतंय. जे जसं आहे तसं ठेवा."

"म्हणजे जैसे थे," कोर्टबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी इतक्यांदा टाइप केला होता की बोटं तो झोपेतही उमटवतील.

त्यांनी तसंच केलं. मोडकी खुर्चीही तिथेच ठेवली. पेंटरांची हत्यारांची पिशवी, तिच्यात ब्रश, कोरडे बोळे, रंग खरवडायची पत्ती, सगळं दाराजवळच्या खुंटीला होतं तसं लटकत राहिलं. आणि त्या बळावर पेंटर रोज सकाळी एकटे खाली जात, कोपऱ्यावरून दूध घेत आणि परत येत. कुठली इमारत, कितवा मजला, हे त्यांना सांगता येत नव्हतं. ते जिने चढत आणि हिरवं दार शोधत. कधी चुकीच्या इमारतीत शिरले तर सगळे मजले पालथे घालून, हिरवं नाही म्हणून पुढच्या इमारतीत जात. दूध कधीकधी तापायच्या आतच नासायचं, पण माणूस घरी यायचा. ते दार हाच त्यांचा पत्ता होता. दुसरा उरलाच नव्हता.

अशात सोसायटीला शिस्तीचं वेड लागलं. वेड लागलं म्हणजे सेक्रेटरीला लागलं. बाकीचे हो ला हो करायला होतेच. सेक्रेटरी तसा वाईट माणूस नव्हता, आवाज कधी चढवायचा नाही, वाट सोडून उभा राहायचा. पण त्याला सगळं एकसारखं लागायचं. कुंड्या एकसारख्या, पायपुसणी एकसारखी. मीटिंगमध्ये नळ आणि पार्किंगचे विषय संपल्यावर, अर्धे लोक उठून गेल्यावर, त्याने ठराव मांडला की सगळ्या दारांना बाहेरून एकच तपकिरी रंग द्यायचा. विषयपत्रिकेवर हे नव्हतंच. माना हलल्या, ठराव झाला.

कोर्टबाई त्याच्याकडे गेल्या. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. हिरव्या दाराचं सगळं समजावून सांगितलं.

"काकू, मला कळतंय हो," सेक्रेटरी म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर दुःखी होता. "पण तुम्हाला सूट दिली तर उद्या प्रत्येकाला हवी. नियम सगळ्यांना सारखा."

"सगळ्यांची डोकी सारखी आहेत का?"

"दारावर नंबर आहे ना, काकू. मोठा करून देऊ."

"आकडे गेलेत त्यांचे. तुमच्या बिल्डिंगवरचे आकडे ज्याने काढले त्याचे आकडे गेलेत."

सेक्रेटरीने मान खाली घातली, आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या इमारतीत रंगारी लागले. हा काळजाचा कोवळा माणूस! असल्या कोवळ्या माणसांपेक्षा दगड परवडले.

मग मात्र कोर्टबाई पेटल्या. त्यांच्या जुन्या मैत्रिणीची मुलगी वकील होती. ती कागद चाळत बसली आणि तिचा चेहरा उजळत गेला. "मावशी, केस आपल्या बाजूने आहे. सभासदाच्या दाराला हात लावणारा ठराव विषयपत्रिकेवर नव्हता. तुमचं म्हणणं ऐकून कारण लेखी द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. आणि आजारी माणसासाठी सवलत मागायचा तुमचा हक्कच आहे. फुकटची मेहेरबानी नाही. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे."

"मग अर्ज कर."

"मी असं मागते की दाराला हात लावू नये, आणि लावला असेल तर पहिल्यासारखं करून द्यावं."

"लावला असेल तर कशाला? अजून कुठे लावलाय? असला फाफटपसारा लिहिलास की साहेब समोरच्याचं म्हणणं मागवतात आणि तारीख पडते. साधं मागावं, जैसे थे. ते पहिल्या दिवशी मिळतं. मी किती टाइप केलेत, तुला काय सांगू."

वकील मुलगी घुटमळली. पण ती रांगत होती तेव्हापासून मावशी कोर्टात होती. तिने तो भाग खोडला.

सुनावणीच्या दिवशी पेंटरांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. कोर्टबाईंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि बरोबर नेलं. ते बाकावर बसून कोर्टाच्या दाराची चौकट न्याहाळत राहिले. "लांबी भरलीच नाही," एवढंच म्हणाले.

सोसायटीचा वकील उठला आणि म्हणाला, "जैसे थे आदेशाला आमची हरकत नाही."

कोर्टबाईंनी आयुष्यात हजार खटले पाहिले होते. समोरचा पहिल्याच दिवशी मान तुकवतो असं एकदाही पाहिलं नव्हतं. तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण जिंकण्याची गोडी अशी असते की माणूस तोंडात काय पडलं ते बघत नाही. आदेश झाला की उभय पक्षांनी पुढील आदेशापर्यंत दाराची आजची स्थिती जैसे थे ठेवावी. जुन्या खोलीतली नवी टायपिस्ट खडखड टाइप करत होती आणि कोर्टबाईंना तिचा पापा घ्यावासा वाटला.

घरी आल्या. जिना चढून वर आल्या तर पेंटर मजल्यावर थबकले.

"इथे कुठे आणलंस?" त्यांनी विचारलं.

दार तपकिरी होतं. ओल्या रंगाचा वास सगळ्या मजल्यावर भरला होता. कडेला कागद चिकटवला होता, 'रंग ओला आहे'. घाईघाईत, न खरवडता, न घासता, हिरव्यावर तसाच फासलेला. बिजागरीपाशी ओघळ आले होते. पेंटरांनी ते पाहिले आणि नाक मुरडलं. "चोर," म्हणाले, आणि परत जिना उतरू लागले. कोर्टबाईंनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. आत शिरताच मोडकी खुर्ची दिसली, तसे ते शांत झाले आणि बसले. कोर्टबाई मात्र स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या.

वकील मुलगी फोनवर म्हणाली, "मावशी, आदेशात आजची स्थिती लिहिलंय. ते म्हणतात आदेश व्हायच्या आधीच रंग लावून झाला होता. म्हणजे आजची स्थिती तपकिरी."

"म्हणजे?"

"म्हणजे आता आपण हिरवा लावला तर आदेश आपण मोडला. तुम्हीच मिळवलेला आदेश. ते टपूनच बसलेत. केस हातची जाईल. मी दुरुस्तीचा अर्ज देते, थोडा धीर धरा."

मुलगी गुणाची. 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही. पण कोर्टबाईंना ते ऐकू आलंच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही आयुष्यभराच्या हुशारीने. घरात नवऱ्यासाठी जैसे थे ठेवायचं होतं. ते दारावर ठेवून आल्या, आणि तेही चुकीच्या दिवसापासून.

दुसरी कुणी असती तर भर दुपारी ब्रश घेऊन दार हिरवं केलं असतं आणि म्हणाली असती, घाला मला तुरुंगात. आपण तेच केलं असतं, नाही का? पण कोर्टबाईंनी आदेश मोडणाऱ्यांचे हाल टाइप केले होते. आदेश मोडायचा नसतो, ही त्यांची श्रद्धा होती. इतरांना देव असतो तसं त्यांना ते होतं. त्यांनी फक्त एक हिरवं कापड दाराला टांगलं. रंगही जुळत नव्हता, पण पेंटर त्याच्यापाशी थांबायला लागले होते. आठवड्याभरात ते कापड कुणीतरी काढून नेलं आणि सोसायटीच्या वकिलाचा कागद आला की दाराच्या स्थितीत बदल केल्याने आदेशभंग होत आहे. चोर तो चोर, वर शिरजोर.

तारखा पडत राहिल्या. कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी. पेंटरांचं एकट्याने दूध आणणं बंद झालं. कोर्टबाई दाराला आतून कुलूप घालत आणि किल्ली गळ्यात अडकवत. पेंटर सकाळी पिशवी घेऊन दाराशी उभे राहत. "अगं, उघड. दूध आणायचंय." आधी शांतपणे म्हणत, मग दारावर थापा मारत, मग रडत. ज्या माणसाने उंच परांचीवर उभं राहून भर उन्हात पाट्या रंगवल्या, तो कडीला लोंबकळून रडायचा. कोर्टबाई त्यांच्याबरोबर खाली जात, परत आणत, पण प्रत्येक वेळी तपकिरी दारासमोर तेच. "हे आपलं नाही." रोज नव्याने ओढत आत न्यावं लागे. त्यांच्या दंडावर बायकोच्या बोटांचे वळ उठले. ते वळ पाहून कोर्टबाईंना स्वतःची किळस यायची.

एका दुपारी वकील मुलीचा फोन आला म्हणून त्या बोलत बसल्या. त्याआधी गळ्यातली किल्ली काढून, कुलूप उघडून कचरा बाहेर ठेवला होता, ती कुलपालाच राहिली होती. फोन ठेवून वळल्या तर मोडकी खुर्ची रिकामी. खुंटीवरची पिशवी खाली पडलेली आणि तिच्यातली पत्ती नव्हती.

पेंटर खाली गेले होते, आणि परत यायला निघाले होते. त्यांची आठवण गेली होती, पण धंदा नव्हता गेला. सगळी दारं तपकिरी, म्हणजे कुणा चोराने वरवर फासलंय हे त्यांना कळत होतं. आणि वरवर फासलेल्याच्या खाली जुना रंग असतोच. म्हणून ते चुकून तिसऱ्याच इमारतीत शिरून एकेका दारापुढे बसत होते, खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी, पत्तीने पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा खरवडत होते आणि निरखून बघत होते. खाली पांढरा, खाली करडा, खाली नुसतं लाकूड. आपला हिरवा नाही म्हणून पुढचं दार. काम इतकं नेटकं होतं की कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

एका दारावरचा खरवडल्याचा आवाज ऐकून आतल्या माणसाने दार उघडलं. पुढे पत्ती घेऊन वाकलेला म्हातारा. त्याने विचारलं नाही, पाहिलं नाही, आधी दोन ठेवून दिल्या आणि मग ढकलून दिलं. पेंटर जिन्याच्या कठड्यावर आपटले. तो कठडाही एके काळी त्यांनीच रंगवलेला होता. तिथून ते खाली घरंगळले. "मला वाटलं चोर आहे," तो माणूस नंतर सगळ्यांना सांगत होता. रडतही होता म्हणे. रडू दे.

खुब्याचं हाड मोडलं. पेंटर हॉस्पिटलात पडून राहिले. तिथली भिंत, तिथला पलंग, तिथल्या नर्सेस, काहीच त्यांचं नव्हतं. जे थोडं उरलं होतं तेही तिथे ओघळून गेलं. कोर्टबाई उशाशी बसत. पहिले काही दिवस ते त्यांना "अगं" म्हणत. मग "अहो" म्हणू लागले. कुणी परका भेटायला आला की म्हणतात तसं.

आणि आता सेक्रेटरीची अक्कल बघा. त्याने तिसऱ्या इमारतीतल्या खरवडलेल्या दारांचे फोटो काढले आणि कोर्टात दाखल केले. सभासद सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान करतो, असा त्याचा दावा. साहेबांनी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले.

"हा गृहस्थ प्रत्येक दाराचा एकच कोपरा का खरवडतोय?" त्यांनी विचारलं.

वकील मुलगी उभी राहिली. तिने युक्तिवाद तयार केला होता, कलमं पाठ केली होती, पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "साहेब, ते त्यांचं घर शोधत होते."

नव्या टायपिस्टचे हात थांबले. मग निकाल झाला आणि सगळा कोर्टबाईंच्या बाजूने झाला. ठराव त्यांच्यापुरता रद्द. त्यांचं म्हणणं न ऐकता दाराला हात लावणं बेकायदा. दार पूर्वी होतं तसं करून घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क. वकील मुलीने मावशीचे हात धरले. कोर्टबाईंना वाटलं, हक्क तर पहिल्या दिवशीही होता. बैल गेला आणि झोपा केला.

सेक्रेटरी जिन्यात भेटला. "काकू, रंगारी पाठवू का? चांगला आहे."

"माझ्या दाराच्या वाऱ्यालाही उभे राहू नका," कोर्टबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत सोसायटीत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता.

पेंटरांना हॉस्पिटलमधून दुसऱ्याच दिवशी घरी सोडणार होते. गॅलरीत जुना डबा होता, पेंटरांनी घोटलेल्या हिरव्याचा, तळाशी उरलेला. वरची साय फोडली तर खाली रंग जिवंत होता. कोर्टबाईंनी आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि दार रंगवलं. खरवडायचं राहिलं. खरवडायला वेळ कुठे होता, हात कुठे होते? उद्या तो माणूस येणार, त्याला त्याचा हिरवा दिसला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. सकाळपर्यंत तपकिरी झाकला गेला. लांबून पाहिलं तर तोच रंग, तेच दार. त्या दारासमोर उभं राहून त्या पहिल्यांदा हसल्या.

पेंटरांना खुर्चीत बसवून हॉस्पिटलच्या दोघा माणसांनी वर आणलं आणि मजल्यावर ठेवून ती माणसं गेली. कोर्टबाई बाजूला झाल्या. दाराला बोलू दिलं.

पेंटरांनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिले. डोळे लुकलुकले. हात पुढे केला आणि दारावरून तळवा फिरवला, जसा ते प्रत्येक कामाच्या शेवटी फिरवायचे.

मग त्यांचा अंगठा खालच्या कोपऱ्याकडे गेला. नखाने त्यांनी हळूच, सवयीने खरवडलं. कोवळा रंग चटकन सुटला. खाली तपकिरी.

"हे नाही," पेंटर म्हणाले. त्यांनी हात मांडीवर ठेवला. "वरवरचं आहे."

"अहो, आहे! आपलंच आहे!" कोर्टबाई खाली बसल्या. गळ्यातली किल्ली ओढून काढली आणि त्याच जागी जोरजोरात घासू लागल्या. तपकिरी सुटला, आणखी घासलं, आणि त्याखाली तो दिसला, जुना, खरा, पेंटरांच्या हातचा हिरवा. "बघा. बघा ना. खाली तुमचाच आहे."

पेंटर दाराकडे बघत नव्हते. ते जिन्याकडे बघत होते, घाबरून, कुणी येतंय का म्हणून. मग पुढे वाकले आणि त्या अनोळखी म्हातारीचा हात त्यांनी हलकेच धरून थांबवला.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "लोकांची दारं खरवडू नका. मारतात."